अक्षर कलवावे की फिरवावे?

हैदराबादच्या छपाईत इंग्रजी, तेलुगू आणि उर्दू शेजारी शेजारी नांदतात, कधी त्यांत हिंदी किंवा मराठीची भर पडते. या शेजाराची खरी परीक्षा जोर द्यायच्या शब्दाशी होते. इंग्रजी शब्द इटॅलिक होतो आणि मग मांडणी सारखी दिसावी म्हणून बाकीच्या लिप्यांनाही संगणकाकरवी तेवढाच कल दिला जातो. 1501 साली व्हेनिसमध्ये आल्दुस मानुत्सिओच्या छापखान्यातून इटॅलिकमधले पहिले पुस्तक निघाले. तो टाइप फ्रान्चेस्को ग्रिफ्फोने धावत्या हस्ताक्षरावरून कोरला होता. संगणकाच्या कलामागे असे कोणतेच हस्ताक्षर नाही. अक्षराचा तळ जागेवर ठेवून माथा उजवीकडे ढकलायचा, एवढीच ती क्रिया. त्यात एका कर्णाच्या दिशेचे फराटे ताणून बारीक होतात आणि दुसऱ्या दिशेचे आखडून जाड. गोल अंडाकृती होतो. बोरूच्या कापातून आलेला जाड-बारीकपणाचा हिशेबच त्यामुळे बिघडतो.

यावर अलीकडे पुढे आलेला पर्याय म्हणजे अक्षर न ढकलता ते आहे तसे फिरवणे. फिरवल्याने आकार बदलत नाही, फराट्यांची जाडी तशीच राहते. लिहिणाऱ्याने कागद थोडा वळवून धरावा तसा हा बदल आहे, म्हणून सुलेखनाच्या दृष्टीने तो जास्त प्रामाणिक वाटतो. तेलुगूला तर तो विशेष मानवेल असे माझे मत आहे. तेलुगू अक्षरे गोलाईवर उभी आहेत आणि त्यांना जोडणारी सलग शिरोरेषा नाही. ढकललेल्या तेलुगू अक्षराची गोलाई चेपते. फिरवलेल्या अक्षराची शाबूत राहते आणि डोक्यावरची ‘तलकट्टू’ नावाची खूण वळलेली दिसल्याने फरकही लक्षात येतो. अडचण येते ती जोडाक्षरात खाली बसणाऱ्या व्यंजनरूपांची, म्हणजे ‘वत्तूं’ची. मूळ अक्षरासोबत ते फिरले की बाजूला सरकतात आणि शेजारच्या अक्षराखाली घुसू पाहतात. तेवढी जागा हाताने नीट करावी लागेल, पण ते काम आवाक्यातले आहे. उर्दूची गोष्ट वेगळी आहे. तिच्या नस्तालीक लेखनशैलीत जोडून लिहिलेला प्रत्येक अक्षरगट मुळातच उजवीकडून डावीकडे उतरत येतो. त्याला रोमनच्या दिशेने आणखी कल देणे म्हणजे वाचनाच्या उलट ओढणे. इराणमध्ये ग़ुलामहुसेन मोसाहब यांनी आपल्या विश्वकोशासाठी डावीकडे झुकणारा ‘इरानिक’ टाइप करवून घेतला, तो याच जाणिवेतून.

देवनागरीत मात्र फिरवण्याचा नियम जसाच्या तसा चालत नाही. अक्षर आठ अंशांनी उजवीकडे फिरवले, की त्याच्या रेघेचे उजवे टोक रुंदीच्या सुमारे सातव्या हिश्शाने खाली येते. पुढचे अक्षर पुन्हा वरून सुरू होते. परिणामी शब्दाच्या माथ्यावर करवतीचे दात उमटतात आणि वाचकाची नजर ज्या रेषेच्या आधाराने धावते तीच तुटते. सगळा शब्द एकसंध फिरवला तर तो ओळ सोडून खाली उतरतो. शिरोरेषाच काढून टाकावी, गुजरातीने काढलीच ना, असे कुणी म्हणेल. शीर्षकात तसे जरूर करून पाहावे, पण परिच्छेदातल्या एकाच शब्दाची रेघ गायब झाली तर तो शब्द वेगळ्या लिपीतला वाटेल. याहून बळकट आक्षेप सवयीचा आहे. वाचकाला कललेला देवनागरी मजकूर आता पडद्यावर रोज दिसतो, मग एवढी खटपट कशाला? पण नुसता कल रोमनलाही पुरला नाही: 1926 साली ब्रिटिश टाइपतज्ज्ञ स्टॅन्ली मॉरिसनने रोमनचा जोडीदार तिरपा रोमनच असावा असा आग्रह धरला होता, पण त्याच्याच देखरेखीखाली घडलेल्या 1932 च्या टाइम्स न्यू रोमनला मिळालेला इटॅलिक हस्ताक्षरी परंपरेलाच जवळचा निघाला. आकार कसा दिसतो हे सवयीने ठरत नाही. चेपलेला ‘व’ कितीही वेळा पाहिला तरी चेपलेलाच असतो.

मला पटणारी वाट ढकलणे आणि फिरवणे या दोहोंच्या मधली आहे: शिरोरेषा आडवी आणि सलग ठेवायची, तिच्याखालचे अंग फिरवायचे. दंड कलेल, पण ‘व’, ‘ब’, ‘क’ यांची पोटे ताणली जाणार नाहीत. दंड आणि रेघ यांचा सांधा मात्र प्रत्येक अक्षरात नव्याने काढावा लागेल. यात परके काहीच नाही. मोडीचा कारकून आधी कागदभर रेघ ओढून घेई आणि मग झुकती, धावती अक्षरे तिला लटकवत जाई. आपल्याकडे स्थिर रेघ आणि चालते अंग असलेले वळण शतकानुशतके रोजच्या व्यवहारात होते, तरी आजच्या टाइपरचनेत त्याचा इटॅलिकसाठी विचार फारसा झालेला नाही. ‘एक टाइप’ या टाइपसंस्थेच्या ‘मुक्ता’ टाइपात सात जाड्या आहेत, इटॅलिक नाही, नोटो सान्स देवनागरी आणि नोटो सान्स तेलुगू यांतही नाही. खोटे इटॅलिक देण्यापेक्षा न देणे बरे, हा संयम मी समजू शकतो. पण रचनाकाराने रिकामी सोडलेली जागा रिकामी राहत नाही. ‘आय’चे बटण दाबले की सॉफ्टवेअर तिथे आपला ढकललेला आकार आणून बसवते. निदान पुस्तकी मजकुरासाठीच्या मोठ्या टाइपकुटुंबांनी तरी ही जागा स्वतः भरावी, आणि सुरुवात दंड असलेल्या अक्षरांपासून करावी, कारण कल सर्वांत आधी तिथेच डोळ्यांत भरतो.