स्मिता पाटील : कुणाच्या भाषेची?

गेल्या श्रावणात आमच्या हैदराबादेतल्या काही मराठी कुटुंबांनी एका स्नेह्याच्या दिवाणखान्यात एकत्र बसून ‘उंबरठा’ पाहिला. आजी-आजोबा सोफ्यावर, आम्ही मधली पिढी खुर्च्यांवर आणि मुले सतरंजीवर. चित्रपट संपल्यावर दहावीतल्या एका मुलीने मला विचारले, “सर, ही बाई मराठी होती? मला वाटलं, हिंदीतलीच आहे.” तिच्या आजीला तो प्रश्न लागला. त्या म्हणाल्या, “अगं, आपली खानदेशातल्या पाटलांची लेक ती!” मुलगी गप्प बसली, पण तिचे समाधान झालेले दिसले नाही. माझेही झाले नाही. जन्माचा दाखला दाखवून कलावंत आपला ठरत असेल, तर मग समीक्षेचे काम उरलेच काय?

स्मिता पाटील हिच्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातले बरेचसे लेखन तिचे डोळे, तिचा सावळा रंग आणि तिचा अकाली मृत्यू ह्या तीन गोष्टींभोवती फिरते. १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात जन्मलेली ही मुलगी १३ डिसेंबर १९८६ रोजी, मुलाला जन्म दिल्यानंतर अवघ्या पंधरवड्याने, वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेली. कुणालाही हळहळ वाटावी असेच हे आहे. परंतु हळहळ म्हणजे मूल्यमापन नव्हे. उण्यापुऱ्या बारा वर्षांत तिने जे काम केले, ते आधी पाहायला हवे.

तिची सुरुवात झाली ती दूरदर्शनवर. मुंबई केंद्र १९७२ साली सुरू झाले आणि त्यानंतर लवकरच ती तेथे मराठी बातम्या देऊ लागली. बातम्या देणाऱ्याला हातवारे करता येत नाहीत, रडता येत नाही, हसताही येत नाही. समोर कॅमेरा, आणि हाताशी आवाज, नजर व शब्दांचे स्पष्ट उच्चार एवढेच भांडवल. नाटकातून आलेल्या नटीला पडद्यावर येताच आवाज आणि हातवारे आवरावे लागतात. हिला आवरण्यासारखे काही नव्हतेच. तिच्या अभिनयातील पुढची निश्चलता ह्या शिक्षणातून आली असावी, असे मला वाटते.

दूरदर्शनवरचा हा चेहरा हेरला तो श्याम बेनेगल यांनी, आणि येथे आमच्या गावाचा संबंध येतो. बेनेगल हे मूळ कोंकणी घरातले, पण जन्मले आणि वाढले ते हैदराबादेत, तिरुमलगिरीला. शिकले निजाम कॉलेजात. तेलंगणातील देशमुखीचा जुलूम त्यांना ऐकून-पाहून ठाऊक होता. १९७५ साली ‘चरणदास चोर’ ह्या बालचित्रपटानंतर त्यांनी स्मिताला ‘निशांत’मध्ये घेतले. पटकथा विजय तेंडुलकरांची. जमीनदाराचे भाऊ शाळामास्तरांच्या बायकोला घरातून उचलून नेतात, आणि मास्तर न्यायासाठी दारोदार फिरतो. ही कथा पाहताना माझ्यासारख्या मास्तरकी केलेल्या माणसाला खुर्चीत नीट बसवत नाही. स्मिताची रुक्मिणी ही त्या जमीनदाराच्या घरातली सून. वाट्याला संवाद थोडे. पण पळवून आणलेल्या बाईकडे ती ज्या नजरेने पाहते, त्या नजरेत मत्सर आहे, भीती आहे आणि आपणही येथे तशाच कोंडलेल्या आहोत ही जाणीवही आहे. वीस वर्षांच्या मुलीने हे केले, हे लक्षात घ्यावे.

पुढच्या वर्षी ‘मंथन’ आला. गुजरातच्या पाच लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केलेला हा चित्रपट २०२४ साली नव्या प्रतीच्या रूपात कान महोत्सवात दाखविला गेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बेनेगलही गेले. त्यातली बिंदू शहरी डॉक्टरसाहेबांशी बोलते ती अंग चोरून नव्हे, पण आगाऊपणानेही नव्हे. अन्नधान्याच्या, गुराढोरांच्या व्यवहारात मुरलेली बाई जशी बोलेल तशी.

‘भूमिका’ (१९७७) हा मात्र आम्हा मराठी वाचकांना आरसा दाखविणारा चित्रपट. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन आपल्या कपाटात होते. पण अनेक घरांत ते मुलींच्या हाती लागू नये अशा बेताने ठेवलेले असे. एका मराठी नटीने मराठीत दिलेली जबानी आपण कुजबुजत वाचली, आणि हिंदी पडद्यावर ती आल्यावर तिचे कौतुक केले. स्मिताने त्या बाईला दयेची भीक मागू दिली नाही. नवरा, सहनट, जमीनदार अशा एकामागून एक पुरुषांकडे ती आसऱ्यासाठी जाते, प्रत्येक ठिकाणी फसते, आणि शेवटी हॉटेलच्या खोलीत एकटी उरते. तिच्या चुका स्मिता झाकत नाही. ह्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ‘चक्र’साठी दुसरा मिळाला, १९८५ साली पद्मश्री झाली.

आता सीमेवरच्या वाचकांना जवळचे वाटेल असे उदाहरण. चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’ ही कादंबरी कोकणच्या मातीतली. बेनेगलांनी १९७८ साली तिच्यावरून हिंदीत ‘कोंडुरा’ आणि तेलुगूत ‘अनुग्रहम्’ असा दुहेरी चित्रपट केला. कोकणातला देव आंध्रातल्या खेड्यात येऊन बसला, आणि स्मिताची पार्वती त्याच्या कोपाची बळी ठरली. आमच्या शेजारच्या तेलुगू घरांत ज्यांना खानोलकर हे नावही माहीत नव्हते, त्यांना ही कथा परकी वाटली नाही. घरात एक भाषा आणि अंगणात दुसरी, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची राहणी. तिची इतकी चांगली साक्ष दुसरी मला आठवत नाही.

‘मंडी’ (१९८३) तर हैदराबादेतल्याच कोठ्याची कथा. त्यातली दखनी ऐकताना आमचे कान टवकारतात, कारण दखनीतला ‘नक्को’ हा आपल्याच ‘नको’चा भाऊ. झीनत ही गाणारी मुलगी, तळहातावरच्या फोडासारखी जपलेली, आणि म्हणूनच अधिक बंदिस्त. स्मिता तिला अबोल आणि अलिप्त ठेवते, आणि अखेर ती निसटते तेव्हा आपल्याला आश्चर्य वाटत नाही.

एवढे गुण सांगितल्यावर उणेही सांगायला हवे. ‘उंबरठा’ आला त्याच १९८२ साली ‘नमक हलाल’ आणि ‘शक्ती’ हेही आले. धंदेवाईक चित्रपटात जाणे हे मी पाप मानत नाही. नटाला प्रेक्षक हवाच. परंतु त्या चित्रपटांतली स्मिता पाहुण्यासारखी वावरते. पावसातल्या गाण्यात ती भिजते, पण तेथे तिला करण्याजोगे काही नसते. अशी बाई कुणीही उभी करू शकले असते. ‘चक्र’ची गोष्ट आणखी खटकणारी. झोपडपट्टीतल्या बाईला आडोसासुद्धा मिळत नाही, हे सांगणाऱ्या चित्रपटाची जाहिरात झाली ती तिच्या उघड्यावरच्या आंघोळीचे चित्र दाखवून. दोष नटीचा नव्हे. पण पाहणाऱ्या आपल्या डोळ्यांचा नव्हता असे म्हणवत नाही. आणखी एक : सोसणारी बाई ह्या साच्यात समांतर चित्रपटानेही तिला पुष्कळदा बसविले. तो साचा पुरता फुटला तो ‘मिर्च मसाला’त. तो पडद्यावर आला १९८७ साली, आणि तो पाहायला ती नव्हती.

मराठी चित्रपटाने तिला काय दिले? ‘सामना’त छोटे काम, ‘जैत रे जैत’मधली ठाकरांची चिंधी, ‘उंबरठा’तली सुलभा महाजन. मोजायला एका हाताची बोटे पुरतात. चिंधी नको असलेला नवरा सोडते आणि आवडलेला पुरुष स्वतः मागते. सुलभा प्रतिष्ठित सासर, वकील नवरा आणि लहान मुलगी मागे ठेवून संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षक होते. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ ह्या कादंबरीवरची ही पटकथाही तेंडुलकरांचीच. आश्रमाचा कारभार सुधारता येत नाही म्हणून राजीनामा देऊन ती घरी येते, तेव्हा घरातली तिची जागा गेलेली असते. ती पुन्हा बाहेर पडते.

येथे त्या दिवाणखान्यात मतभेद झाला. आजी म्हणाल्या, “पोरीला टाकून जाणारी बाई मला नाही पटायची.” एक सूनबाई हळूच म्हणाल्या, “पण ती सांगूनच गेली होती ना!” कुणी उत्तर दिले नाही. स्मिताच्या अभिनयाचे यश हेच की दोघींचेही म्हणणे खोटे ठरत नाही. मुलीला सोडताना तिच्या चेहऱ्यावर अपराध आहे, आणि तरी पाऊल मागे येत नाही.

त्या रात्री मुलीला मी नीट उत्तर दिले नव्हते. आता देतो. बेटा, ती मराठी होती, पण आपल्या घरच्या मराठीत तिला फारसे काम मिळाले नाही. ती हिंदीत, तेलुगूत, बंगालीत, मल्याळम आणि कन्नड चित्रपटांत गेली. जेथे गेली तेथल्या बाईचे जगणे तिने आपले मानले. तुझी शाळा इंग्रजी, मैत्रिणी तेलुगू, बाजार दखनी आणि आजी मराठी. म्हणून तू कमी मराठी ठरत नाहीस. मात्र आजी ज्या भाषेत रागावते, ती भाषा एवढी तरी येऊ दे, की तिच्याशी त्याच भाषेत वाद घालता येईल. पुढच्या खेपेला ‘जैत रे जैत’ लावू. त्यातले ठाकरी बोलणे मलाही सगळे समजत नाही. आजीला शेजारी बसवून विचारू.