स्मरणरंजन आणि सामूहिक प्रतीक्षा : 'ब्रोनी' चाहतावर्गाच्या निमित्ताने

'स्मरणरंजन' आणि 'गतकातरता' हे शब्द मराठी समीक्षेत पुष्कळदा समानार्थी म्हणून योजले जातात. वस्तुतः पहिल्यात गतकाळाचा आस्वाद आहे, दुसऱ्यात त्याच्या अभावाची वेदना. आंतरजालावर घडलेल्या एका चाहतासमूहाच्या आठवणी तपासताना हा भेद महत्त्वाचा ठरतो.

'माय लिटल पोनी : फ्रेंडशिप इज मॅजिक' ही कार्टून मालिका अमेरिकेत १० ऑक्टोबर २०१० रोजी सुरू झाली. लॉरेन फॉस्ट यांनी विकसित केलेली ही मालिका हॅस्ब्रो कंपनीच्या खेळण्यांवर आधारलेली असून ती मुख्यतः लहान मुलींसाठी होती. तथापि तिच्याभोवती प्रौढ, बहुतांशी पुरुष, प्रेक्षकांचा समूह जमला व स्वतःस 'ब्रोनी' म्हणवू लागला. २०११ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू झालेले 'ब्रोनीकॉन' हे संमेलन ऑगस्ट २०१९ मध्ये बाल्टिमोर येथे अखेरचे भरले, तेव्हा १०,००० हून अधिक लोक उपस्थित होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नऊ पर्वांनंतर मालिकाही संपली.

त्या बहराच्या काळाविषयी जी हळहळ व्यक्त होते, तिचा विषय मालिका हा नव्हे. तिचे भाग पुन्हा पाहता येतातच. हरवली आहे ती एकत्र केलेली प्रतीक्षा. दोन भागांमधील दिवस चित्रे, गीते आणि कथा यांनी भरून निघत. 'फॉलआउट : इक्वेस्ट्रिया' ही चाहता-कादंबरी २०११ मध्ये प्रकरणशः प्रसिद्ध झाली, तिचा विस्तार ६ लाख शब्दांहून अधिक आहे. नवा वाचक ती सलग वाचू शकतो; पुढील प्रकरणाची वाट पाहणारा सहवाचक मात्र त्यास लाभत नाही.

परंतु या आठवणींचे रंजनात रूपांतर होते, तेव्हा त्यातून दोन गोष्टी सहज निसटतात. पहिली, स्वामित्वाची. पार्श्वभूमीतील एका तिरळ्या पात्रास चाहत्यांनी 'डर्पी' हे नाव दिले. जानेवारी २०१२ मधील एका भागात ते प्रत्यक्ष उच्चारले गेले. मात्र हे नाव व चित्रण अपंगत्वाची थट्टा करणारे असल्याचा आक्षेप आल्यावर त्या भागात बदल करण्यात आले. आक्षेपाची युक्तता हा स्वतंत्र प्रश्न आहे. नाव देण्याचा आनंद चाहत्यांचा असला, तरी ते ठेवण्याचा वा काढण्याचा अधिकार कंपनीचा होता, हे यातून दिसते. दुसरी गोष्ट, मूळ प्रेक्षक असलेल्या मुलींची. या समूहावरील २०१२ च्या माहितीपटाच्या शीर्षकातच प्रौढ चाहत्यांना 'अत्यंत अनपेक्षित' म्हटले आहे. पुरुषांचे प्रेम हे नवल ठरले. मुलींचे प्रेम गृहीत धरले गेले.

गतकातरता मात्र नेहमीच वांझ असते असे नाही. या पात्रांवर आधारित एक चाहता-खेळ फेब्रुवारी २०१३ मध्ये हॅस्ब्रोच्या कायदेशीर नोटिशीमुळे थांबला. पुढे फॉस्ट यांनीच त्याच्या निर्मात्यांसाठी नवी पात्रे रेखाटली आणि २०२० मध्ये तो 'देम्स फायटिन हर्ड्स' या नावाने अधिकृतपणे प्रसिद्ध झाला. हातचे गेले ते गेले, हे मान्य केल्यावरच ही निर्मिती शक्य झाली. त्या काळाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यानेही बहराबरोबर त्याच्या मर्यादांची नोंद घ्यावयास हवी. अन्यथा आठवण राहील, इतिहास उरणार नाही.