तारे किती, आणि कुणासाठी?

पुस्तकाला पाचांपैकी अमुक इतके तारे देऊन मोकळे होण्याची रीत आता मराठीतही रुळली आहे. आम्हांस ती अपुरी वाटते. रोमने १५५९ साली निषिद्ध ग्रंथांची सूची काढली आणि १९६६ मध्ये तिचे बंधन संपले. परंतु काय वाचावे, हा प्रश्न आपल्या घरांत उरलाच आहे.

बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) घ्या. कादंबरी म्हणून आम्ही त्यास दोनांहून अधिक तारे देणार नाही. पात्रे बोलतात थोडे, उपदेश करतात फार. तरीही त्या काळच्या हिंदू विधवांचे हाल ज्याला समजून घ्यायचे आहेत, त्याच्या हाती आम्ही हेच पुस्तक प्रथम देऊ.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’स पाच तारे दिले, तरी सांगायचे ते राहूनच जाते. १८९५ साली पतीने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ही बाई कोसळली. पुढे सोवळ्याओवळ्याचा पगडा मनावरून कसा उतरत गेला, हे ती स्वतःलाच हसत सांगते. धर्मांतराची कथा इतक्या कमी प्रवचनात सांगितलेली दुसरी आमच्या पाहण्यात नाही. टिळक कुटुंब प्रॉटेस्टंट, म्हणून हे पुस्तक आपले नव्हे असे कुणी मानू नये. ज्या घरातील मुलाने वा मुलीने धर्माबाहेर विवाह ठरवला आहे, तेथील आईवडिलांनी तर ते अवश्य वाचावे. तोडगा त्यात मिळणार नाही. पण दोन श्रद्धांच्या मध्ये सापडलेल्या माणसाला किती दुखते, ते कळेल.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) मात्र न वाचताच पूर्ण तारे मिळवते! मराठीच्या स्तुतीच्या चार ओव्या सर्वांना ठाऊक. उरलेल्या सुमारे अकरा हजार कपाटात. पहिल्या पुराणापासून प्रारंभ करणारे बहुधा वाटेतच थांबतात. आमची शिफारस अशी की, उपवासकाळात ‘दुसरे पुराण’ उघडावे, म्हणजे थेट प्रभूच्या चरित्रात प्रवेश होतो. रोज वीस-पंचवीस ओव्या मोठ्याने वाचाव्यात. गोमंतकातील चर्चमध्ये एके काळी त्या तशाच वाचल्या जात. मूळ छपाई रोमन लिपीतली, परंतु शांताराम बंडेलू यांची १९५६ ची देवनागरी आवृत्ती आहे. ज्यांच्यापाशी ती प्रत असेल, त्यांनी ती शेजारी द्यावी आणि परत मागण्याची घाई करू नये.