'किती जणांना प्रशिक्षण दिलं' हा निकाल नव्हे



पीएच.डी.चा विषय शोधताना अनेक जण 'कौशल्य विकास योजनांचा युवकांवरील परिणाम : नागपूर जिल्ह्याचा अभ्यास' अशा शीर्षकावर येऊन थांबतात. विषय चांगलाच आहे. घोळ होतो तो 'परिणाम' या शब्दात.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना घ्या. 9 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ती सुरू झाली. लोक तिला 'लाडका भाऊ' म्हणतात. वय 18 ते 35. दरमहा विद्यावेतन बारावी पासला 6 हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8 हजार, पदवीधराला 10 हजार. मुदत आधी सहा महिने होती, नंतर ती अकरा महिन्यांपर्यंत गेली. काटोल-उमरेडकडच्या घरात हे 10 हजार लहान रक्कम नाही, हे आधी मान्य करू.

पण बातम्यांत आकडा येतो तो 'इतके रुजू झाले' असा. रुजू होणं ही योजनेची सुरुवात झाली. परिणाम बघायचा तर मुदत संपल्यानंतर बघावा लागतो, आणि माझ्या मते रचनेतली खरी उणीव तिथेच आहे. सरकारी कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत काम शिकलेला तरुण तिथे कायम होऊ शकत नाही, कारण ती भरती वेगळ्या परीक्षेतून होते. शिकलेलं काम मात्र त्याच कार्यालयाचं. बुटीबोरीतला कारखानदार त्या अनुभवाला किती किंमत देईल? मुदत संपल्यावर प्रशिक्षणार्थी आंदोलनाला बसले, याचं नवल वाटायला नको.

आता तुम्ही अभ्यास करणार असाल तर तीन प्रश्न आधी सोडवा.

पहिला, तुलना कोणाशी? प्रयोगशाळेत कंट्रोलशिवाय आपण निष्कर्ष काढत नाही, मग इथे का काढायचा? जो धडपड करून अर्ज भरतो, त्याला योजना नसतीही तरी कदाचित काम मिळालं असतं.

दुसरा, कोणाची जागा गेली? प्रशिक्षणार्थीमुळे एखादं रिक्त पद भरायचं लांबलं, किंवा आधीचा कंत्राटी माणूस घरी बसला, तर नवा रोजगार निर्माण झाला असं म्हणता येत नाही.

तिसरा, मोजलं कधी? विद्यावेतन चालू असताना सगळेच 'कामावर' दिसतात.

हे जमतं का? जमतं. दिल्लीच्या गरीब वस्त्यांत पुष्कर मैत्रा आणि सुभा मणी यांनी शिवणकाम प्रशिक्षणाचा अभ्यास केला. अर्जदार महिलांतून सोडतीने निवड केली आणि निवड न झालेल्यांशी तुलना केली. प्रशिक्षण मिळालेल्यांचा रोजगार आणि कमाई दोन्ही वाढल्याचं दिसलं. शिवाय केंद्राचं अंतर आणि मुलं सांभाळायला कोणी नसणं, यामुळे प्रशिक्षण अर्धवट सुटतं हेही कळलं. ही माहिती योजना सुधारायला कामी येते. उलट, डेव्हिड मॅकेन्झी यांनी 2017 मध्ये विकसनशील देशांतले असे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा शंभर जणांना प्रशिक्षण दिल्यावर नोकरीत साधारण दोनच जण जास्त दिसले. प्रशिक्षण निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. मात्र 'शंभर प्रशिक्षित' म्हणजे 'शंभर रोजगार' हे गणित चुकीचं आहे.

स्वयंरोजगारालाही हेच लागू. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात प्रकल्पखर्चाच्या 15 ते 35 टक्के अनुदान आहे, पण कर्ज बँकच देते. त्यामुळे मंजूर प्रकरणं मोजून थांबू नका. तीन वर्षांनी किती दुकानांचं शटर उघडं आहे आणि बँकेने परत पाठवलेल्या अर्जदारांचं काय झालं, ते मोजा.

प्रश्नावली फक्त लाभार्थ्यांच्या यादीवरून वाटली, तर तुम्हाला 'समाधानी' हेच उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. ज्यांनी अर्ज केला पण जागा मिळाली नाही, अशा तरुणांपर्यंतही जा. मेहनत दुप्पट होईल, पण 'परिणाम' हा शब्द शीर्षकात लिहायचा हक्क तेव्हाच मिळेल.