चिखल्यांचा तक्ता : एक परीक्षण

गेल्या पावसाळ्यात एका माध्यमिक शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. ज्वालामुखी, सौर चूल, पाणी गाळण्याची बादली ही नेहमीची मंडळी होतीच. त्यांत नववीच्या तीन विद्यार्थिनींनी केलेला एक तक्ता वेगळा उठून दिसत होता. विषय होता चिखल्या, म्हणजे पायाच्या बोटांच्या बेचक्यांत होणारा, इंग्रजीत ‘अ‍ॅथलीट्स फूट’ म्हणून ओळखला जाणारा विकार. विषयाची निवड उत्तम, चित्रे रेखीव. गुणही मी चांगलेच दिले. तरी त्या तक्त्याविषयी लिहायला हवे असे वाटते. कारण त्यातल्या चुका त्या मुलींच्या नव्हत्या. आरोग्याच्या पुस्तिका, भिंतीवरचे फलक आणि आमच्यासारख्यांची भाषणे यांतून त्या जशाच्या तशा उतरल्या होत्या.

तक्त्यावरचे पहिलेच विधान असे, की हा रोग अस्वच्छतेमुळे होतो. हे बरोबर नाही. ट्रायकोफायटन रुब्रम आणि तिच्या जातकुळीतल्या बुरशी मळावर जगत नाहीत. त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरात केराटिन हे प्रथिन असते, ते पचवून त्या वाढतात. हे केराटिन स्वच्छ पायात असते आणि मळक्या पायातही. फरक पडतो तो ओलीने. करंगळी व तिच्या शेजारचे बोट यांच्यामधली बेचकी सर्वांत अरुंद असते, तेथे हवा खेळत नाही, घाम सुकत नाही. भिजून पांढरी पडलेली त्वचा बुरशीला आत शिरू देते. विकार बहुधा तेथूनच सुरू होतो, याचे कारण हेच. ब्रिटनमधील कोळसा खाणकामगारांत हा विकार फार आढळे, असे १९५० च्या दशकातील पाहणीत दिसले. ही माणसे कामावरून सुटल्यावर खाणीजवळच्या सामायिक स्नानगृहात आंघोळ करणारी होती. त्यांना अस्वच्छ कसे म्हणायचे?

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. ज्या मुलाच्या पायाला चिखल्या आहेत त्याला हा तक्ता ‘तू घाणेरडा आहेस’ असे सांगतो. मग ते मूल पाय लपवते, म्हणजे बूट काढतच नाही.

‘दिवसातून तीन वेळा साबणाने पाय धुवा’ हा तक्त्यावरचा सल्ला त्याच समजुतीचे अपत्य. धुण्याला माझी हरकत नाही. पण तीनदा धुऊन तीनदा ओल्या पायांवर मोजे चढवले, तर बुरशीची सोयच झाली. प्रत्येक बेचकी वेगळी पुसून कोरडी करा, हे वाक्य तक्त्यावर कोठेच नव्हते. तेच सर्वांत मोठ्या अक्षरांत हवे होते.

संसर्गाचा भाग मुलींनी बराच खुलवला होता : ओली फरशी, तिच्यावर अनवाणी पाऊल आणि दात विचकणारे जंतू. संसर्ग होतो यात शंका नाही. रोग्याच्या त्वचेचे सूक्ष्म पापुद्रे गळतात, त्यांत बुरशीचे बीजाणू असतात आणि ते कित्येक महिने जिवंत राहू शकतात. स्नानगृहाची फरशी, सर्वांचा एकच टॉवेल, भावाचे बूट ही त्यांची वाहने. पण बी पडले म्हणजे पीक आलेच असे नाही. अमेरिकेत रुडॉल्फ बेअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात स्वयंसेवकांचे पाय रोगकारक बुरशी मिसळलेल्या पाण्यात बुडवून पाहिले. एवढे करूनही विकार जडवणे त्यांना जमेना. संसर्गाला पोषक अशी त्वचेची स्थिती लागते, आणि ती बहुतेकदा आपल्या बुटातच तयार होते. तक्त्यावर फरशी होती, बूट नव्हता.

एका शरीरावरचा प्रसारही राहून गेला होता. पाय खाजवणाऱ्या हाताला ही बुरशी लागते. पायातून वर चढवलेल्या आतल्या कपड्यांबरोबर ती जांघेत पोचते. म्हणून ज्याला हा विकार आहे त्याने आधी मोजे घालावेत, मग बाकीचे कपडे. मोजे नुसत्या कोमट पाण्याने धुऊन भागत नाही. सुमारे ६० अंश सेल्सिअसचे पाणी हवे.

उपचाराच्या रकान्यात फक्त दोन शब्द होते : ‘मलम लावा’. माझी सर्वांत गंभीर तक्रार या दोन शब्दांविषयी आहे. कोणते मलम? दुकानात विचारले, तर स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली नळी हातात पडण्याचा संभव असतो. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज व लाली ओसरते, कारण तो शरीराचा प्रतिकारच दडपतो. बुरशी मात्र पसरत राहते आणि रोगाचे रूप असे बदलते, की डॉक्टरही फसावा. १९६८ साली याला ‘टिनिया इनकॉग्निटो’, म्हणजे ओळख लपवलेला नायटा, असे नाव मिळाले. भारतात २०१८ साली अनेक स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची झाली आणि त्याच वर्षी ३२८ संयुक्त औषधांवर बंदी आली. तरी घरोघरी अर्धी वापरलेली नळी एकमेकांना देण्याची रीत कायद्याने थांबत नाही. दरम्यान ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी पुढे आली. भारतीय व नेपाळी रुग्णांपासून मिळालेल्या नमुन्यांवरून जपानी संशोधकांनी २०२० साली तिला हे नाव दिले. तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे हुकमी औषध चालत नाही. ती बोटांपेक्षा जांघेत व अंगावर अधिक आढळते, हे खरे. पण ‘मलम लावा’ या सल्ल्याची किंमत तिच्यावरून कळावी.

योग्य मलम मिळाले तरी ते किती दिवस लावायचे, हा प्रश्न उरतो. क्लोट्रिमॅझोलसारखे औषध साधारण चार आठवडे लावावे लागते. खाज पहिल्या आठवड्यातच थांबते, आणि नळी तेव्हाच कपाटात जाते. वरून त्वचा बरी दिसली तरी मृत पेशींच्या थरात बुरशीचे तंतू शिल्लक असतात. तो थर झडून नवा येईपर्यंत औषध चालू राहायला हवे. नववीच्या मुलांना त्वचेची रचना शिकवतोच, तेथेच हे सांगता येईल.

शिवाय प्रत्येक चिखली बुरशीची नसते. भातलावणीत दिवसभर पाण्यात उभे राहणाऱ्यांची त्वचा नुसत्या भिजण्यानेही सडते, कधी जीवाणूंचा हात असतो. त्वचेचा खरवड पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली तंतू दिसतात का, हे पाहणे ही साधी तपासणी आहे. (हे द्रावण दाहक असते, त्यामुळे ती वर्गात करू नये.) घरात मधुमेही आजी-आजोबा असतील, तर त्यांच्या बेचकीतली भेग डॉक्टरांना दाखवावीच, तिच्यातून शिरलेले जीवाणू सारा पाय सुजवू शकतात.

तक्ता समजावून देताना तिन्ही मुलींच्या पायांत काळे बूट आणि नायलॉनचे मोजे होते, दोन्ही ओलेचिंब. बाहेर पाऊस कोसळत होता. चप्पल चालत नाही का, असे मी विचारले. गणवेशाचा नियम आहे, चप्पल घातली तर दंड होतो, असे त्यांतल्या एकीने सांगितले. भिजलेला बूट पावसाळी हवेत एका रात्रीत वाळत नाही, आणि दुसरा जोड किती घरांत असतो? अनवाणी यावे असे मी म्हणणार नाही, साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे भय असतेच. पट्ट्यांच्या उघड्या सँडल पुरतील. मुख्याध्यापकांशी चहाच्या वेळी हे बोललो, तेव्हा १५ ऑगस्टच्या संचलनाला बूट लागतात, एवढेच ते म्हणाले. संचलन एका दिवसाचे असते, असे मी उत्तर दिले. जून ते सप्टेंबर सँडल चालवण्याबद्दल पालकसभेत विचारू, असे त्यांनी कबूल केले आहे.