शिवेवरचा वाघ

दिंडोरी म्हटलं की द्राक्षमळेच आठवतात. पण पश्चिमेला ननाशीकडे चढ लागला की मळे मागे पडतात, भाताची खाचरं आणि नागलीचे उतार सुरू होतात. कोकणा आणि महादेव कोळ्यांच्या या मुलखात शिवेवर वाघदेव असतो. उभी लाकडी फळी किंवा दगड, त्यावर उथळ कोरीवकाम आणि वर शेंदराचे थर.

माथ्यावर सूर्य आणि चंद्र, त्यांच्याखाली वाघ, कुठे जोडीला नाग. वाघ बाजूनं दिसतो. अंगावरचे पट्टे म्हणजे पटाशीनं मारलेल्या तिरक्या खाचा. कारागिरानं झेप दाखवलेली नाही, जबडा फाकवलेला नाही. हा वाघ आपल्या वाटेनं चालला आहे, आणि त्याला तसं जाऊ देण्यातच या कामाची खरी ताकद आहे असं मला वाटतं. ज्याच्या रानात आपली गुरं चरतात, त्याला राक्षस करून कसं चालेल?

चंद्रसूर्य आपण ताम्रपटांवर आणि वीरगळांवर पाहतो. ते असेतो हे टिकेल, ही त्यामागची ग्वाही. याच डोंगरपट्ट्यात गेलेल्या वाडवडिलांच्या नावानं चिरे उभे करतात, त्यांवरही चंद्रसूर्य कोरतात. पूर्वजाला जो मान तोच वाघाला. इतकी मोठी गोष्ट फळीवरच्या दोन गोलांनी सांगून टाकली आहे.

या देवाचा दिवस अश्विन वद्य द्वादशी. खालच्या गावांत त्या दिवशी वसुबारस, गाय-वासराची पूजा. वर डोंगरात वाघबारस. गुराखी घरोघर धान्य मागतात, रानात खीर शिजते, एखादा पोरगा वाघ होतो आणि बाकीचे त्याला पळवून लावतात. हाच दिवस का? पाऊस सरलेला, गवत कमरेच्या वर, भात पिकत आलेला, गुरं लांबवर चरायला जाणारी. जनावराला दबा धरायला याहून चांगला काळ नाही. सण म्हणजे गुराख्यांना वेळेवर दिलेला इशाराच. इथले इतर सणही असेच कामाचे. आखातीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, टोपलीत धान्य उगवून पाहतात, त्यात बियाण्याची पारख होते. तेऱ्याची पूजा झाल्याशिवाय ती रानभाजी तोडत नाहीत, म्हणजे कोवळं पान वाढायला सवड मिळते.

निसर्ग पाहून वर्ष असं आखणं इतरत्रही आहे. ऑस्ट्रेलियात पर्थच्या बाजूचे नूनगार हे आदिवासी लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. त्या देशात आदिवासी वडीलधाऱ्यांचे चेहरे भिंतींवर मोठे रंगवून त्यांच्या जाणतेपणाचा मान राखतात. आपल्या फळीवर कुणा जाणत्याचा चेहरा नाही, नावही नाही. पण वाघ कुठे ठेवायचा आणि त्याला कधी पुजायचं, हे ज्या म्हाताऱ्यांनी ठरवलं त्यांचं शहाणपण त्या जागेत आणि त्या तिथीत आहे. पट्टेरी वाघ इथून गेला. बिबट्या मात्र दिंडोरीच्या उसात आणि मळ्यांत फिरतो आहे. त्यामुळे या ज्ञानाची गरज डोंगराखालच्यांनाही आहे.

आता काही ठिकाणी सिमेंटचा ओटा आणि ऑइलपेंटनं रंगवलेला, दात विचकणारा वाघ दिसतो. ओटा बांधावा, त्यामागे श्रद्धाच आहे. पण जुनी फळी तिच्याच जागी, उघड्यावर राहू द्यावी. छपराखाली नेली की तिच्यावरचा पाऊस थांबेल, आणि दर बारसेला नवा शेंदूर लावायचं कारणही उरणार नाही.