रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय आणि सुरक्षेचा कायदा

रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायावरील प्रवचने आपल्या व्यासपीठांवरून बहुधा एकाच वळणाने जातात. अधिकारी देवाने नेमलेला आहे, त्याच्या हाती तरवार आहे, तेव्हा दहशतवादाच्या काळात तिची धार वाढवावी व मंडळीने नमून राहावे, असा त्यांचा निष्कर्ष असतो. क्वचित याच्या उलट वळणही ऐकू येते : सत्ता तेवढी संशयास्पद, आणि शस्त्र उचलणाऱ्याच्या पापाविषयी मौन. ही दोन्ही वाचने आम्हांस अपुरी वाटतात.

सौसर, पांढुर्णा, मोहगाव या पट्ट्याचे उच्च न्यायालय जबलपूरचे असले, तरी बाजारहाट आणि इस्पितळ यांसाठी आपल्या लोकांना नागपूरच जवळचे. त्या नागपूरच्या परिसरातील दोन घटना समोर ठेवून हा अध्याय वाचू.

१ मे २०१९ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील जांभुळखेडा येथे माओवाद्यांच्या भूसुरुंगाने पोलिसांचे १५ जवान व त्यांचा वाहनचालक यांचा बळी घेतला. हे भय काल्पनिक नव्हे. ज्या प्रवचनात या सोळा घरांना जागा नाही, ते न्यायाचे प्रवचन नव्हे.

दुसरी घटना वेगळ्या खटल्याची आहे. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक जी. एन. साईबाबा हे चाकांच्या खुर्चीवर अवलंबून असलेले अपंग गृहस्थ. ७ मार्च २०१७ रोजी गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून त्यांना व आणखी चौघांना जन्मठेप, तर सहाव्या आरोपीस दहा वर्षांची शिक्षा दिली. ५ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्वांना निर्दोष ठरविले. खटल्यास दिलेली परवानगी अवैध होती व पुरावा सिद्ध झाला नव्हता, असे न्यायालयाने म्हटले. तोवर आरोपींपैकी एक आदिवासी शेतकरी २०२२ साली तुरुंगवासातच मृत्यू पावला होता. साईबाबा सुटले, आणि १२ ऑक्टोबर २०२४ रोजी हैदराबादेस निवर्तले.

येथे कायद्याची रचनाच पाहण्याजोगी आहे. मुंबईवरील हल्ल्यानंतर २००८ च्या डिसेंबरात बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन नाही, असे कलम तिने घातले. त्याचबरोबर, खटल्यास परवानगी देण्यापूर्वी स्वतंत्र अधिकाऱ्याने पुरावा तपासावा, असा लगामही घातला. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होते की हात जड केला तर लगामही घट्ट हवा. व्यवहारात मात्र जड हात तत्काळ पडतो, आणि लगाम सैल होता हे वर्षांनी उघड होते. आमची टीका आहे ती या विषमतेवर.

आता पौलाकडे वळू. त्याच्या मते अधिकारी वाईट करणाऱ्यास शासन करतो आणि चांगले करणाऱ्याची प्रशंसा करतो. याचा अर्थ असा की वाईट कोणी केले हे ठरविणे तरवारीच्या आधी येते. अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात दोन किंवा तीन साक्षीदारांचा नियम व खोट्या साक्षीची कसून चौकशी सांगितली आहे, ती याचसाठी. स्वतः पौलानेही चौकशीवाचून फटके मारण्यास हरकत घेतली आणि कैसराकडे दाद मागितली (प्रेषितांची कृत्ये २२ व २५). अधिकाऱ्याचा मान राखणे आणि त्याला त्याच्याच नियमाची आठवण देणे यांत त्याला विसंगती दिसली नाही.

काही निरपराध भरडले गेले तरी राष्ट्र वाचते ना, असा युक्तिवाद आपले श्रोते करतील. त्यांना सांगावे की हा युक्तिवाद शास्त्रात आहे, पण तो कयफाच्या तोंडी आहे (योहान ११:५०). त्याच सुमारास बंडात खून करणारा बरब्बा मोकळा सुटला आणि राजद्रोहाचा आरोप एका निर्दोषावर चिकटला, याचाही विसर पडू नये.

यास्तव दहशत एका पारड्यात आणि सत्ता दुसऱ्या पारड्यात घालून एक निवडा, असे आपण कोणास सांगू नये. दहशतवाद्याचे कृत्य उघडपणे आपल्या विरुद्ध असते. सत्तेचा अन्याय मात्र आपल्या नावाने होतो, म्हणून त्याविषयी आपले उत्तरदायित्व अधिक. तेरावा अध्याय पुढे वाचनात येईल तेव्हा त्याच्यासोबत अनुवाद १९ वाचावा, आणि मध्यस्थीच्या प्रार्थनेत हुतात्मा जवानांची कुटुंबे व निकालाची वाट पाहणारे कच्चे कैदी या दोघांचेही स्मरण व्हावे.